रेंज आहे, पण नेट नाही

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)

चिखला, सीतासावंगी, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, नाकाडोंगरी, जिथून कुठून ऐकत असाल तिथून ऐका, आणि जवळ मोबाइल असेल तर तो हातात घेऊनच ऐका. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. फोनवर दांड्या भरपूर दिसतात आणि नेट मात्र चालत नाही. सकाळी चालतं, दुपारी जातं. सपरीत चालतं, सैपाकाच्या खोलीत मरतं. अशा वेळी बिघाड नेमका कुठं आहे हे कसं ओळखायचं, तेवढंच आज बघू.

हा विषय बचतगटाच्या बैठकीत निघाला. एक बाई म्हणाली, "ताई, दोन घंटे फोन घेऊन उभी होती. काम झालं नाही. घरी गेली तर सारे म्हणतात, तुलेच चालवता येत नाही." बाकीच्या हसल्या, पण ते हसू ओळखीचं होतं. गाडी बंद पडली तर गाडी खराब असते, मोटारपंप बंद पडला तर मोटार जळालेली असते, पण बाईच्या हातातला फोन बंद पडला की बाईच खराब. हे मला पटत नाही.

पूर्वी नेट गेलं तर फारतर गाणं थांबायचं. आता तसं राहिलं नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाइलवरून, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यावी लागते. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार देताना पोषण ट्रॅकरवर आईचा चेहरा ओळखावा लागतो. लाडक्या बहिणीची ई-केवायसी १८ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी काय पाहिलं ते मी सांगायला नको. म्हणजे नेट गेलं तर रोजी जाते, लेकराचा आहार अडतो, हप्ता लटकतो. आणि देशात स्वतः वापरायचा मोबाइल तरी किती बायांकडे आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या ५४ निघाल्या. बाकीच्या नवऱ्याचा किंवा पोराचा फोन मागून काम करतात, तोही तो घरी असेल तेव्हा.

आता मुद्द्यावर येऊ. फोनपासून नेटपर्यंतच्या वाटेत चार ठिकाणं आहेत. पहिलं फोन. दुसरं सिम आणि त्यातला रिचार्ज. तिसरं टॉवर. चौथं म्हणजे ज्या अ‍ॅपचं काम करायचं त्यांचं दूर कुठंतरी असलेलं सर्व्हर. या चारपैकी कुठं अडलं हे शोधायला दोन प्रश्न पुरे होतात, आणि त्यासाठी दुकानात जावं लागत नाही.

पहिला प्रश्न शेजारणीला विचारायचा: "वहिनी, तुमचं नेट चालू आहे का?" मात्र तिचं सिम तुमच्याच कंपनीचं पाहिजे. तिचंही बंद असेल तर अडचण टॉवरची आहे. तुम्ही फोन शंभरदा बंद-चालू केलात तरी फरक पडायचा नाही. वादळ-पावसात लाइन गेली की टॉवर आधी बॅटरीवर चालतो, मग डिझेलच्या जनरेटरवर, आणि तेही संपलं की बंद. म्हणून रात्री लाइन गेली आणि पहाटे नेटही गेलं, असं होतं.

दुसरा प्रश्न आपल्याच फोनला: कॉल लागतो का? कॉल लागतो पण नेट नाही, तर टॉवर जिवंत आहे. मग रिचार्ज, फोनची सेटिंग किंवा टॉवरवरची गर्दी, या तिघांपैकी काहीतरी आहे. कॉलही लागत नाही आणि शेजारणीचं मात्र सगळं ठीक आहे, तर सिम किंवा फोन. आणि एकच अ‍ॅप अडलं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो, तर दोष त्या अ‍ॅपचा नाहीतर त्यांच्या सर्व्हरचा. ई-केवायसीच्या वेळी हेच होत होतं. राज्यभरातल्या बाया एकाच वेळी एकाच दारातून आत जाऊ पाहत होत्या.

गर्दीवरून आठवलं. दांड्या पूर्ण दिसतात तरी नेट का चालत नाही, हे बऱ्याच जणी विचारतात. दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतो. तुमच्या वाट्याला किती नेट येणार ते त्या सांगत नाहीत. हापशी घरासमोरच आहे, पण तिच्यावर चाळीस गुंड रांगेत आहेत, तसं समजा. संध्याकाळी सात ते दहा, शिफ्ट सुटलेली, पोरं रील्स बघत बसलेली, तेव्हा ही रांग सर्वांत लांब असते. म्हणून सरकारी फॉर्म भरायचा, फोटो चढवायचा, तर पहाटे करा नाहीतर रात्री उशिरा. आपण बाया तशाही झुंजुरक्याला उठतोच.

आता रिचार्ज. रोज दीड जीबी, दोन जीबी असे पॅक असतात. दिवसाचा वाटा संपला की बहुतेक पॅकमध्ये नेट बंद होत नाही, फक्त मुंगीच्या चालीनं चालू राहतं. त्यामुळे वाटतं टॉवर खराब आहे. रात्री बारा वाजता नवा वाटा येतो. सकाळी चालणारं आणि दुपारी झोपणारं नेट असेल तर पहिला संशय यावर घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' असं असतं, तिथं कोणत्या अ‍ॅपनं किती खाल्लं ते दिसतं. बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ असतात. ते बंद करता येतं. घरातल्या पोरानं तुमच्या फोनवरून वायफाय वाटून घेतलं असेल तर तेही इथंच सापडेल. त्यावर काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आता जरा वेळ घेऊन सांगते ती गोष्ट आपल्याच भागाची आहे. भंडाऱ्यात किंवा पवनीला ती कोणाला फारशी भेटणार नाही. आपल्या तुमसर तालुक्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द आहे. बावनथडी नदी काही अंतर ही हद्दच आखत जाते. तिकडे तिरोडी, कटंगी. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा, आपल्याला ती हद्द कधी जाणवत नाही. मोबाइल कंपनीला मात्र जाणवते. त्यांच्या हिशोबात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून दुसरं. तुमचं सिम महाराष्ट्राचं. तुमचा फोन मात्र हद्द ओळखत नाही, त्याला ज्याचा आवाज मोठा येईल तो टॉवर तो धरतो. टेकडीच्या आड आपला टॉवर आणि उघड्यावर तिकडचा, तर तुम्ही स्वतःच्या वावरात उभ्या असताना फोन मध्य प्रदेशात गेलेला असतो.

हे ओळखायचं कसं? दांड्यांजवळ इंग्रजी आर हे अक्षर येतं. किंवा मध्य प्रदेशात तुमचं स्वागत आहे असा मेसेज येतो. अनेक बाया तो मेसेज न वाचता पुसतात. आर दिसला आणि कॉल लागतो पण नेट नाही, तर सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा आणि 'डेटा रोमिंग' बघा. ते बंद असेल तर नेट चालणारच नाही. चालू करा, मिनिटभर थांबा.

इथं लगेच भीती आडवी येते. घरात कोणीतरी बजावलेलं असतं, "रोमिंगला हात लावू नको, पैसे कटतात." ही भीती खोटी नव्हती. एके काळी राज्याबाहेर आलेला कॉल उचलण्याचेही पैसे लागत. आता आपल्या नेहमीच्या पॅकमध्ये देशातलं रोमिंग बहुतेक धरलेलंच असतं. पैसे जातात ते परदेशात रोमिंग लावलं तर, आणि बावनथडीच्या पलीकडे काही परदेश नाही. तरी रिचार्ज करताना दुकानदाराला एकदा स्पष्ट विचारून घ्या: "यात मध्य प्रदेशातलं नेट आलं का?" उत्तर मिळालं की मग ती सेटिंग खुशाल चालू ठेवा. हद्दीजवळच्या गावात ती बंद ठेवण्यात काही शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट जागेची. टिनाच्या छपराखाली रेंज मरते, कारण लोखंडी पत्रा लहरी परतवतो. कवेलूच्या घरात त्या मानानं बरी येते. जाड भिंत, सिमेंटचा स्लॅब, पावसाळ्यात पानांनी गच्च भरलेला साग, हे सगळं थोडं थोडं खातं. आणि लहरीही सारख्या नसतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बरी शिरते. २३०० ची तेवढी पोचत नाही. फाइव्हजीचा बराच भाग ३३०० च्या पुढचा आहे, तो अजूनच लवकर थकतो. म्हणून गावाच्या एका टोकाला फाइव्हजी असं दिसतं आणि दोन घरं पुढं गेलं की फोन फोरजी-फाइव्हजी, फोरजी-फाइव्हजी करत बसतो, त्या ओढाताणीत नेट तुटतं आणि बॅटरी उतरते. असं होत असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार फोरजीवर ठेवून द्या. फॉर्म भरायला फोरजी पुरेसं आहे.

खाणीत शिफ्टला खाली गेलेल्या माणसाचा फोन लागत नाही म्हणून जिवाला घोर लावून घेणाऱ्या नव्या सुना मी पाहिल्या आहेत. आपली चिखल्याची खाण भुयारी आहे. एवढ्या खडकातून मोबाइलची लहर खाली जातच नाही. फोन लागत नाही याचा तेवढाच अर्थ घ्या. घाईचं काम असेल तर खाणीच्या टाइम ऑफिसात निरोप द्या.

आता फोन स्वतः. गाडीनं किंवा रेल्वेनं तुमसरहून परत आलात की फोन कधी कधी मागच्याच टॉवरला चिकटून राहतो. वरून पडदा खाली ओढा, विमानाचं चित्र दाबा, अर्धं मिनिट थांबा, पुन्हा दाबा. फोन टॉवर नव्यानं शोधतो. एवढ्यानं खूपदा काम होतं. दोन सिम असतील तर नेट कोणत्या सिमवर लावलं आहे ते बघा, रिचार्ज एकावर आणि नेट दुसऱ्यावर असा घोळ नेहमीचा आहे. तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण मेल्यावर काही फोन जुनी तारीख दाखवतात, आणि तारीख चुकीची असली की बँकेची, सरकारी पानं उघडत नाहीत, कारण सुरक्षेची तपासणी तारखेवर चालते. नवीन सिम टाकल्यापासून नेट आलंच नसेल तर मोबाइल नेटवर्कमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' असं एक पान असतं, तिथं 'पूर्ववत करा' दाबा. आणि शेवटचा इलाज म्हणून फक्त नेटवर्कची सेटिंग पूर्ववत करता येते. त्यानं वायफायचे पासवर्ड जातात, फोटो जात नाहीत. मात्र 'सगळा फोन रिसेट करा' असं कोणी म्हणालं तर फोन परत मागून घ्या.

कधी कधी दोष नेटचा दिसतो आणि असतो फोनच्या पोटाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, ते आंदोलन तुम्हाला आठवत असेल. दोन जीबी रॅमचे फोन, त्यावर जड अ‍ॅप. फोन तापायचा, अडकायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं रेंज नाही. ताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलं, की आमचं शिकणं कमी नाही, तुमचं यंत्र कमी आहे. तुमचा फोनही भरलेला असेल तर जुने व्हिडिओ काढा, जागा करा, मगच टॉवरला दोष द्या.

एवढं करूनही ठरत नसेल तर सिमची अदलाबदल करा. तुमचं सिम शेजारणीच्या फोनमध्ये, तिचं तुमच्यात. तुमचं सिम तिकडेही चाललं नाही तर सिम खराब, कंपनीच्या दुकानातून बदलून घ्या, नंबर तोच राहतो. तिचं सिम तुमच्या फोनमध्ये चाललं नाही तर फोन खराब. पाच मिनिटांत निकाल लागतो. आणि दुकानदार म्हणाला "नवीन फोनच घ्या", तर त्याला ही तपासणी समोर करून दाखवायला सांगा. जुनी थ्रीजीच्या काळातली सिमं अजून काहींच्या फोनमध्ये आहेत, तीही बदलायला हवीत. बीएसएनएलवाल्यांनी तर हे जरूर बघावं. त्यांचं देशी बनावटीचं फोरजी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, पण जुन्या सिमवर ते येत नाही. शिवाय त्यातला ७०० मेगाहर्ट्झचा भाग पकडायला फोनमध्ये 'बँड २८' लागतो, काही जुन्या फोनांत तो नसतो.

एक धोक्याची खूण सांगते. सगळ्यांचं नीट चालू आहे, तुमचा रिचार्ज आहे, आणि फक्त तुमच्या फोनची रेंज अचानक पूर्ण गेली, बंद-चालू करूनही आली नाही, तर थांबू नका. कोणीतरी तुमच्या नावानं दुसरं सिम काढलेलं असू शकतं, म्हणजे तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच सांगा. "तुमचं सिम फाइव्हजी करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो कंपनीचा नसतो. आणि ओटीपीबद्दल एवढं लक्षात ठेवा, की तो साध्या मेसेजनं येतो, त्याला नेट लागत नाही, रेंज लागते. म्हणून एका फोनवर फॉर्म आणि दुसऱ्या फोनवर ओटीपी असं सहज करता येतं. नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागणार असेल तर तो खाणीत उतरायच्या आधी ते काम उरका.

आता कामावरच्या बायांसाठी. हजेरीच्या अ‍ॅपमध्ये रेंज नसतानाही फोटो काढून साठवता येतो, रेंजमध्ये आलं की वर पाठवता येतो. म्हणजे कामाच्या जागी रेंज नाही म्हणून हजेरी लागली नाही, हे उत्तर जसंच्या तसं मानू नका. मेटला किंवा ग्रामरोजगार सेवकाला विचारा: हजेरीपट सकाळी गावात उघडून घेतला होता का? फोटो साठवला का? आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर काही अडलं तर ते ज्या पानावर अडलं त्याचा स्क्रीनशॉट काढा. त्यावर तारीख नसेल तर वहीत तारीख, वेळ, जागा लिहा. पुढं कोणी म्हणालं, "तुम्ही आल्याच नव्हत्या," तर दाखवायला काहीतरी हातात राहतं. रेंज शोधायला संध्याकाळी एकटीनं टेकडीवर जाऊ नका. जंगल आपल्याला लागून आहे, आणि कोणत्याही फॉर्मची मुदत त्याहून मोठी नाही.

टॉवरचाच दोष रोज असेल तर १९८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार मिटली नाही तर त्याच कंपनीत अपील करता येतं, ते ३० दिवसांच्या आत करायचं असतं. अख्ख्या जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली, तर प्रीपेडची मुदत वाढवून द्यायची असा ट्रायचा नियम एप्रिल २०२५ पासून लागू आहे. एका टोलीचा टॉवर बंद पडला तर तो लागू होत नाही, म्हणून आपल्याला दहा-वीस जणींनी आपापल्या नंबरवरून तक्रार करावी लागते. एकीची तक्रार फोनच्या सेटिंगवर ढकलता येते. वीस क्रमांक ग्रामसभेत ठेवले, ठरावाला जोडले, की ते ढकलणं अवघड जातं.

कंपनी बदलायची असेल तर १९०० ला मेसेज पाठवून नंबर तोच ठेवता येतो. पण घाई करू नका. आधी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मैत्रिणीला घरी, वावरात, कामाच्या जागी, अंगणवाडीत, चारही ठिकाणी सोबत नेऊन बघा. कंपन्यांनी आपले रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकलेले आहेत, पण नकाशात तुमचं टिनाचं छप्पर नसतं.

म्हणून एक काम सगळ्याजणी मिळून करू. आपल्या गावात कोणत्या जागी कोणत्या सिमचं नेट चालतं, किती वाजता चालतं, कुठं आर येतो, हे कागदावर लिहा आणि केंद्रावर पोचवा. हापशीजवळ, शाळेच्या मागं, मामा तलावाच्या पाळीवर, जशी जागा तसं लिहा. आलेली सगळी गावं पुढच्या भागात वाचून दाखवते.